वेश बदलला, पण किल्ल्यांचा जुडगा वाजतोच!

जून २०२२ मध्ये अमेरिकेतील ‘वायर्ड’ या नियतकालिकाने एक बातमी छापली. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणातील रोना विल्सन, वरवरा राव आणि हनी बाबू यांच्या ई-मेल खात्यांत २०१८ आणि २०१९ साली कोणीतरी शिरले होते आणि तेथे एक जादा ई-मेल पत्ता व फोन नंबर जोडून ठेवला होता. पासवर्ड विसरला तर खाते परत मिळावे म्हणून जी सोय असते, त्या सोयीच्या जागी ही जोडणी केली होती. म्हणजे खातेदाराने उद्या पासवर्ड बदलला तरी आत शिरलेल्याला पुन्हा दार उघडता यावे! त्या जादा पत्त्यात पुणे शहर पोलिसांतील, याच प्रकरणाशी जवळून संबंध असलेल्या एका अधिकाऱ्याचे नाव होते, असे ‘सेंटिनेलवन’ या संगणक सुरक्षा कंपनीच्या संशोधकांच्या हवाल्याने त्या बातमीत म्हटले होते. पुणे पोलिसांनी त्या नियतकालिकाच्या प्रश्नांना उत्तर दिले नाही. बातमी म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या घरी एकदा चोरी झाली आहे, त्याने आपले कुलूप तपासायला निकालाची वाट पाहू नये.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातील आमच्या तरुण कार्यकर्त्यांच्या बोलण्यात हल्ली ‘टॉर’ या ब्राउझरचे नाव येऊ लागले आहे. ओळख लपवून इंटरनेट वापरता यावे यासाठी तो बनवलेला आहे. तो वापरण्याची बुद्धी झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच ब्राउझरमध्ये पासवर्ड आपोआप भरणारे, ‘पासवर्ड मॅनेजर’ नावाचे एक्स्टेन्शन बसवायचे आणि आता आपण दुप्पट सुरक्षित झालो असे समजायचे, हा समज घातक आहे. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की तिसरी चांगली गोष्ट निर्माण होतेच असे नाही. येथे तर एकीमुळे दुसरीचा उपयोग निम्म्यावर येतो. तो कसा, हे समाजबांधवांनी समजून घ्यावे म्हणून हा प्रपंच.

ओळख लपवण्याची गरज कोणाला?

‘आम्ही काही चोरी करत नाही, मग लपवायचे कशाला?’ असा प्रश्न सभ्य लोक नेहमी विचारतात. ज्याचे आडनाव ऐकून कोणी कधी भुवई उंचावली नाही, त्याला हा प्रश्न सहज सुचतो. चाकणच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोराला तो सुचत नाही. २०१३ च्या पावसाळ्यात चाकणच्या बजाज ऑटोमध्ये संघटनेने सुमारे पन्नास दिवस काम बंद ठेवले. मागण्या किती पदरात पडल्या हा भाग वेगळा, पण त्या कामगारांना उघड नावाने उभे राहता आले, कारण पाठीशी संघटना होती. ठेक्यावरच्या कामगाराच्या पाठीशी काय आहे? भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापले पण भरले नाहीत, अपघात झाला पण नोंदवला नाही, मुकादमाने जातीवरून शिवी दिली, अशी तक्रार त्याने नावानिशी केली तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद होतो. त्याच्यासाठी ओळख लपवणे ही चैन नाही, पोटाचा प्रश्न आहे.

आणि कधीकधी तो जिवाचाही प्रश्न असतो. माहितीच्या अधिकारात जमीन व्यवहारांचे घोटाळे बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी याच पट्ट्यातील तळेगाव दाभाडे येथे भर सकाळी हत्या झाली. माहिती मागणाऱ्याचे नाव आणि पत्ता अर्जावर असतो आणि तो अर्ज किती टेबलांवरून फिरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. २०१३ साली कोलकाता उच्च न्यायालयाला सांगावे लागले की अर्जदाराने केवळ पोस्ट बॉक्स नंबर दिला तरी पुरे आहे, त्याच्या घराचा पत्ता मागण्याची जरुरी नाही. ओळख लपवण्याची गरज न्यायालयालाही पटली, ती अशी.

आणि ही गरज काय असते, हे खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्याने आम्हाला शिकवलेले आहे. परदेशातील शिक्षण घेऊन ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव घेऊन राहिले. पण ते नाव खरे नाही, हे एका माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तो म्हणजे ती धर्मशाळा सांभाळणारा. नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याची तोड त्याच्याच संमतीने निघाली होती. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले आणि बाबासाहेबांना ती जागा सोडावी लागली. गुपित कोणी फोडले, याचा शोध आज घेण्यात अर्थ नाही. आमच्या विषयापुरता धडा एवढाच की नाव बदलणे पुरत नाही. गुपित दुसऱ्या कोणाच्या हाती आहे का आणि आपल्या अंगावरची कोणती खूण आपल्याला वेगळे पाडते, हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. पासवर्ड मॅनेजरच्या बाबतीतही आम्ही नेमके हेच दोन प्रश्न विचारणार आहोत.

गर्दीत मिसळण्याची युक्ती

प्रथम टॉर काय करतो ते पाहू. या तंत्राची मूळ कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. पुढे ती सर्वांसाठी खुली झाली आणि २००६ पासून ‘टॉर प्रोजेक्ट’ ही विनानफा संस्था तिचा कारभार पाहते. आपण एखादे संकेतस्थळ उघडले की आपली मागणी जगातील तीन वेगवेगळ्या संगणकांतून, कुलपांवर कुलपे लावून पाठवली जाते. पहिल्याला आपण कोण ते कळते, पण कोठे जातो ते कळत नाही. शेवटच्याला कोठे जातो ते कळते, पण कोण जातो ते कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. ज्या संकेतस्थळावर आपण पोचतो, त्याला पिंपरीचा पत्ता दिसत नाही, कोठल्या तरी परक्या देशाचा दिसतो.

पण एवढ्याने भागत नाही. पत्ता लपला तरी चेहरा राहतोच. आपल्या ब्राउझरची खिडकी किती रुंद, संगणकात कोणते अक्षरसंच आहेत, भाषा कोणती, वेळ कोणत्या देशाची, अशा बारीकसारीक गोष्टी संकेतस्थळाला विचारता येतात. या सगळ्यांची बेरीज म्हणजे ब्राउझरचा अंगठ्याचा ठसा. अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ने २०१० साली ४,७०,१६१ ब्राउझरांचे असे ठसे तपासले, तेव्हा त्यांतील ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. नाव न विचारताही माणूस ओळखता येतो, तो असा.

यावर टॉरने काढलेला तोडगा आमच्या वाचकांना चटकन समजेल. १ जानेवारीला विजयस्तंभापाशी लाखोंचा समुदाय जमतो. पांढरे कपडे, हाती निळा झेंडा. लांबून पाहणाऱ्याला त्यातला एकटा माणूस निवडून काढता येत नाही. टॉर ब्राउझर वापरणाऱ्या सर्वांचे ब्राउझर असेच एकसारखे दिसावेत, अशी त्याची रचना मुद्दाम केलेली आहे. खिडकीचा आकार ठरावीक मापांत, अक्षरसंच तेच, वेळ तीच. आपण सुरक्षित असतो ते आपण अदृश्य झालो म्हणून नव्हे, तर आपल्यासारखेच दिसणारे पुष्कळ आहेत म्हणून. आता त्या समुदायात एकाच माणसाने लाल फेटा बांधला तर? त्याचे नाव कोणाला कळणार नाही. पण ‘तो लाल फेटेवाला’ सकाळी कोठे होता, दुपारी कोणाशी बोलला आणि संध्याकाळी कोणत्या बसमध्ये चढला, हे सगळे जोडता येईल. आणि एकदा का तो ओळखीच्या घरात शिरला की नावही कळेल.

एक्स्टेन्शन हा तो लाल फेटा आहे.

पहिला प्रश्न : अंगावरची खूण

पासवर्ड मॅनेजरचे एक्स्टेन्शन गप्प बसणारे नसते. लॉगिनची चौकट दिसली की ते तिच्यात स्वतःचे चिन्ह काढते, पानाच्या रचनेत आपले तुकडे घुसवते, रकाना स्वतःहून भरते. हे बदल ज्या पानात होतात, त्या पानाची आज्ञावली त्या संकेतस्थळाच्याच मालकीची असते. आपल्या पानात कोणी काय घुसवले, हे तिला पाहता येते. एवढ्यावरून ‘हा टॉरवाला अमुक पासवर्ड मॅनेजर वापरतो’ हे कळते. लाखो सारख्या चेहऱ्यांतून आपण एकदम मूठभरांत जमा होतो. म्हणूनच टॉर प्रोजेक्ट स्वतः सांगते की ब्राउझरसोबत जे येते त्याखेरीज दुसरे कोणतेही एक्स्टेन्शन बसवू नका. ते एक्स्टेन्शन वाईट आहे म्हणून नव्हे. ते वेगळे पाडते म्हणून.

गर्दी लहान झाली की काय होते, याचे उदाहरण डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात घडले. परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. तपास करणाऱ्यांना टॉर फोडावा लागला नाही. त्या सुमारास विद्यापीठाच्या जाळ्यावरून टॉर कोणी वापरला, एवढेच त्यांनी पाहिले. त्याचे कृत्य निंद्यच होते, पण धडा सर्वांसाठी आहे. चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या वायफायवर टॉर वापरणारा एकच माणूस असेल, तर तक्रार कोणी केली हे शोधायला व्यवस्थापनाला फार डोके चालवावे लागणार नाही.

या खुणेहून मोठा धोका आपोआप भरण्याचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की ब्राउझरमध्येच असलेल्या पासवर्ड साठवणाऱ्या सोयीला जाहिरात कंपन्यांच्या आज्ञावली फसवत होत्या. पानावर डोळ्यांना न दिसणारी लॉगिनची चौकट मांडायची, ब्राउझरने तिच्यात ई-मेल पत्ता भरला की त्याचा ठसा उचलून न्यायचा. हजारावर संकेतस्थळांवर हा प्रकार आढळला. ऑगस्ट २०२५ मध्ये मारेक टोथ या संशोधकाने एक्स्टेन्शनच्या स्वरूपातील ११ पासवर्ड मॅनेजर तपासले आणि त्यांची चौकट पानावर अदृश्य करून, वापरणाऱ्याकडून नकळत तिच्यावर क्लिक करवून घेता येते हे दाखवले. माणूस समजतो आपण जाहिरात बंद करत आहोत, प्रत्यक्षात तो आपली माहिती भरून देत असतो. काही कंपन्यांनी त्यानंतर दुरुस्ती केली. पण ज्याने ओळख लपवण्यासाठी टॉर उघडला, त्याच्या बाबतीत असा एक क्लिकही पुरेसा आहे. ई-मेल पत्ता गेला म्हणजे नाव गेले.

दुसरा प्रश्न : गुपित दुसऱ्या कोणाच्या हाती?

एक्स्टेन्शन बसवताना ते परवानगी मागते, ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचू द्या आणि बदलू द्या.’ पासवर्ड भरायचा तर त्याला ती लागतेच. आपण ‘हो’ म्हणून मोकळे होतो. म्हणजे आपण कोठकोठे जातो आणि काय लिहितो, हे पाहू शकणारा एक साक्षीदार आपणच ब्राउझरमध्ये बसवतो. आज तो प्रामाणिक असेल, पण उद्याचे काय? २०२१ साली गूगलने ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे लोकप्रिय एक्स्टेन्शन काढून टाकले, कारण मूळ कर्त्याने ते विकल्यानंतर नव्या मालकाच्या हाती त्यात घातक भाग आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळाच्या सुट्टीत ‘सायबरहेवन’ या सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपनीच्या एक्स्टेन्शनची बनावट सुधारित आवृत्ती लोकांच्या संगणकांत आपोआप जाऊन बसली, कारण कंपनीतील एक माणूस खोट्या ई-मेलला फसला होता. ही दोन्ही पासवर्ड मॅनेजर नव्हती. पण दार तेच आहे. राखणदार बदलला तरी घरमालकाला पत्ता लागत नाही.

पण सर्वांत बोलके उदाहरण ‘लास्टपास’ या प्रसिद्ध पासवर्ड मॅनेजरचे आहे. २०२२ मध्ये चोरांनी त्यांच्याकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच पळवल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, असे कंपनीने त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये सांगितले. मग उघडे काय होते? ज्या संकेतस्थळांचे ते पासवर्ड होते, त्या संकेतस्थळांचे पत्ते! शिवाय ग्राहकांची नावे, बिलाचे पत्ते, ई-मेल, फोन नंबर आणि ते ज्या इंटरनेट पत्त्यांवरून ही सेवा वापरत होते ते पत्तेही चोरांच्या हाती गेले. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. कुलूप न फोडताही चोराला कळले की अमुक नावाच्या, अमुक गावच्या माणसाची कोणकोणत्या ठिकाणी खाती आहेत. बँकेच्या ग्राहकाला पासवर्डची काळजी वाटते. चळवळीच्या माणसाला खात्यांची ही नुसती यादीच महागात पडू शकते. कोणत्या पत्रकाराशी बोलण्याच्या जागी त्याचे खाते आहे, कोणत्या संघटनेच्या पानावर तो टोपणनावाने लिहितो, हे त्या यादीतून दिसते. टॉरने तीन संगणकांतून फिरवून जे लपवले, ते पासवर्ड मॅनेजरने एका वहीत नावासह लिहून ठेवले. बडोद्याच्या धर्मशाळेतला तो कारभारी आठवा.

सगळे पासवर्ड मॅनेजर लास्टपाससारखेच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. काही जण संकेतस्थळांचे पत्तेही कुलूपबंद ठेवतात. पण मुळातला विरोध राहतोच. टॉर ब्राउझरचे काम विसरण्याचे आहे. तो बंद केला की कोठे गेलो, काय पाहिले, सगळे पुसले जाते आणि पासवर्डही तो आपणहून साठवत नाही. पासवर्ड मॅनेजरचे काम लक्षात ठेवण्याचे आहे. विसरभोळ्या साक्षीदाराच्या शेजारी पक्क्या स्मरणशक्तीचा साक्षीदार बसवला, तर उलटतपासणीत कोण उपयोगी पडेल हे सांगायला वकील कशाला हवा?

आणखी एक चूक याच सोयीतून जन्मते. एकाच जुडग्यात आपल्या खऱ्या नावाच्या खात्याची किल्ली असते आणि टोपणनावाच्या खात्याचीही. घाईत, रात्रपाळी करून आलेल्या डोळ्यांनी, चुकीचे नाव निवडले जाते आणि टॉरमध्ये आपण खऱ्या नावाने लॉगिन करून बसतो. लॉगिन म्हणजे ओळखपत्र दाखवणे. तोंडाला रुमाल बांधून दारात ओळखपत्र दाखवणाऱ्याला काय म्हणावे? मोबाइलवर तर एक्स्टेन्शनही लागत नाही. फोनचीच ‘आपोआप भरा’ ही सोय पुढे येते आणि अँड्रॉइड फोनवर ती बहुधा गूगलच्या खात्याशी, म्हणजे आपल्या खऱ्या नावाशी बांधलेली असते.

मग पासवर्ड मॅनेजर टाकून द्यायचा का?

मुळीच नाही. असा निष्कर्ष कोणी काढला तर तो आमच्या लेखाचा विपर्यास होईल. सगळीकडे एकच पासवर्ड, तोही मुलाचे नाव किंवा १४ एप्रिलची तारीख, ही आजही घरोघरची परिस्थिती आहे. एका ठिकाणी तो फुटला की सगळी दारे उघडतात. रोजच्या व्यवहारासाठी, म्हणजे बँक, भविष्यनिर्वाह निधी, नोकरीचे अर्ज, मुलांची शिष्यवृत्ती यांसाठी, पासवर्ड मॅनेजर चांगलाच आहे. बनावट संकेतस्थळ असेल तर पत्ता जुळत नाही म्हणून तो पासवर्ड भरत नाही, हाही त्याचा मोठा गुण. तेथे आपण आपल्या नावानेच व्यवहार करतो, लपवायचे काही नसते.

प्रश्न आहे तो ओळख लपवण्याच्या कामाचा. त्यासाठी साधी व्यवस्था करता येते. टॉर ब्राउझरमध्ये काहीही जादा बसवू नये. पासवर्ड ठेवायचेच असतील तर ब्राउझरबाहेर, इंटरनेटला न जोडलेल्या स्वतंत्र प्रोग्राममध्ये ठेवावेत. ‘कीपासएक्ससी’ हा असा मोफत प्रोग्राम आहे. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या ‘टेल्स’ या प्रणालीत तो मुळातच दिलेला असतो. मात्र त्याचेही ब्राउझरला जोडणारे एक्स्टेन्शन आहे, ते बसवू नये. पासवर्ड हाताने उचलून हाताने चिकटवावा, आणि चिकटवण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता अक्षरन् अक्षर तपासावा, कारण येथे तो तपासून देणारे कोणी नाही. टोपणनावाच्या खात्यांची फाइल वेगळी, खऱ्या नावाची वेगळी. दोन्हींचा एका ठिकाणी मेळ नको. कंपनीचा संगणक, कंपनीचे वायफाय आणि कंपनीचे हजेरी-अ‍ॅप असलेला फोन या कामाला वापरू नये. आणि टॉर मार्ग लपवतो, मजकूर नव्हे, हेही विसरू नये. २००७ साली स्वीडनच्या एका संशोधकाने टॉरच्या शेवटच्या टप्प्यावर आपले संगणक लावून अनेक दूतावासांच्या ई-मेल खात्यांचे पासवर्ड वाचले होते. त्यांत भारतीय दूतावासही होते. ज्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ नाही, तेथे पासवर्ड देऊच नये.

दार आतून उघडले तर?

एवढे सगळे केले तरी एक गोष्ट उरते आणि ती भीमा कोरेगाव प्रकरणाने आम्हाला शिकवली आहे. अमेरिकेतील ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या संस्थेने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात म्हटले की रोना विल्सन यांच्या संगणकात ‘नेटवायर’ नावाचा हेर-प्रोग्राम २२ महिने बसलेला होता आणि त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवलेली पत्रे त्याच मार्गाने तेथे ठेवली गेली. सुरुवात झाली १३ जून २०१६ रोजी, वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेल्या एका ई-मेलने. ओळखीच्या माणसाने पाठवलेली फाइल म्हणून ती उघडली गेली. असे प्रोग्राम प्रत्येक कळ टिपून घेतात, म्हणजे पासवर्ड बोटांतून निघतानाच चोरला जातो. मग टॉर असो वा जगातील सर्वोत्तम पासवर्ड मॅनेजर, उपयोग शून्य. राष्ट्रीय तपास यंत्रणेला आर्सेनलचे निष्कर्ष मान्य नाहीत. विल्सन आणि आमच्या परिचयाचे ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा त्यांची साडेसहा वर्षे तुरुंगात गेली होती. फादर स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच गेले.

हे प्रकरण पुण्याचे म्हणून पिंपरीने दूर राहावे असे नाही. १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्याबद्दल संभाजी भिडे व मिलिंद एकबोटे यांच्याविरुद्धची फिर्याद दुसऱ्याच दिवशी पिंपरी पोलीस ठाण्यातच दाखल झाली होती आणि मग ती शिक्रापूरकडे वर्ग झाली. चाकणहून तासाभराच्या अंतरावर हे सगळे घडले आहे. त्या फिर्यादीचे काय झाले आणि एल्गार परिषदेच्या फिर्यादीचे काय झाले, हा फरक आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

बाबासाहेबांनी आधीच मागितले होते

शेवटी कायद्याचा प्रश्न. खासगीपणा ही इंग्रजी शिकलेल्यांची हौस आहे, असे मानणाऱ्यांनी १९४७ सालचे ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन उघडून पाहावे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी ते संविधान सभेसाठी तयार केले. नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण हवे, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, अशी स्पष्ट तरतूद बाबासाहेबांनी त्यात मागितली होती. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांच्यासारख्यांच्या आक्षेपांनंतर अशी तरतूद मूलभूत हक्कांत आली नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच कारण पुढे केले. असे कलम आपल्या संविधानात नाही, मग हक्क कोठून आणायचा? ही चूक दुरुस्त व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांनी जे मागितले, ते मिळायला सत्तर वर्षे लागली.

हक्क मिळाला, पण हत्यारे सरकारच्या हातीच आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली कुलूपबंद माहिती उघडून देण्याचा आदेश काढता येतो आणि नकार देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २० डिसेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांना या कलमाखाली अधिकार दिले. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश काढला. टॉर वापरणे भारतात गुन्हा नाही. पण ज्या कंपनीच्या तिजोरीत आपले जुडगे आहे, तिच्या दारात उद्या आदेश घेऊन कोण उभे राहील, हे आपल्या हातात नाही. म्हणून जे दुसऱ्याकडे ठेवण्याची गरज नाही, ते ठेवूच नये. जे आपल्याजवळ नाही, ते कोणी आपल्याकडून हिसकावूनही घेऊ शकत नाही.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हापासून या पट्ट्यातील आमच्या वस्त्या दर रविवारी विहारात जमत आल्या आहेत. तेथे आम्ही वंदना घेतो, मुलांचे सत्कार करतो, पुस्तके वाटतो. महिन्यातून एका रविवारी तासभर या विषयालाही द्यावा, अशी आमची सूचना आहे. हिंजवडीत संगणकावर काम करणारी आमची मुले-मुली आता कमी नाहीत. त्यांनी चाकणच्या ठेका कामगाराला, माहितीचा अधिकार वापरणाऱ्या ज्येष्ठाला, महाविद्यालयात जातीय छळाची तक्रार करू पाहणाऱ्या मुलीला शेजारी बसवून शिकवावे. टॉरची गर्दी जितकी मोठी, तितका त्यातला एकेक जण सुरक्षित. येथे एकट्याने शहाणे होऊन भागत नाही. सगळ्यांनी सारखे शहाणे व्हावे लागते, आणि ही गोष्ट चळवळीला कोणी वेगळी शिकवायला नको.